सही कोणाची? विद्यार्थी संघाचे जाहीरनामे वाचताना

सप्टेंबरच्या सुमारास दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसमध्ये रस्त्यावर पत्रकांचा खच पडतो. त्यावर उमेदवाराचा फोटो, नाव आणि मतपत्रिकेवरचा क्रमांक असतो. जाहीरनामा मात्र शोधून काढावा लागतो आणि सापडला तरी तो कसा वाचायचा हे कोणी सांगितलेले नसते. महाराष्ट्रातून तिथे शिकायला गेलेल्यांची तर आणखी पंचाईत होते, कारण आपल्याकडे १९९४च्या विद्यापीठ कायद्यापासून थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. त्यामुळे जाहीरनाम्यांविषयी जे समज कानावर येतात तेच खरे मानले जातात. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज १ : निवडून आला की तो फी कमी करील, मेट्रोचा पास मिळवून देईल.

वस्तुस्थिती : विद्यार्थी संघाला मागणी करता येते, आदेश काढता येत नाही. दिल्ली विद्यापीठात फी आणि पैशाचे निर्णय कार्यकारी परिषदेत होतात, अभ्यासक्रम आणि परीक्षांचे विद्वत परिषदेत. मेट्रोच्या सवलतीच्या पासाचे आश्वासन तर जाहीरनाम्यांत वर्षानुवर्षे दिसते. पण मेट्रोचे भाडे विद्यापीठ ठरवतच नाही. २००२च्या मेट्रो रेल्वे कायद्यानुसार ते भाडेनिश्चिती समिती ठरवते, तिचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांकडे असते आणि तिच्या शिफारशी मेट्रोवर बंधनकारक असतात. दिल्ली मेट्रो ही केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी. तेव्हा सवलतीचा भार कोण उचलणार, हा प्रश्न कुलगुरूंच्या दालनात सुटणारा नाही.

म्हणून पासाची मागणी करूच नये असे नाही. पण ‘पास मिळवून देऊ’ आणि ‘अमुक सरकारकडे अमुक अनुदानाची मागणी लावून धरू’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य टाळ्या घेते, दुसऱ्याचा वर्षअखेरीस हिशेब मागता येतो. प्रत्येक आश्वासनापुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा : हे काम शेवटी कोणाच्या सहीने होणार? उमेदवाराला त्याचे उत्तर येत नसेल, तर त्याने गृहपाठ केलेला नाही.

गैरसमज २ : संघाच्या हातात काहीच नसते, मग जाहीरनामा कशाला वाचायचा?

वस्तुस्थिती : सही नसली तरी वजन असते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली वसतिगृहाची नवी नियमावली आली. दोघांच्या खोलीचे भाडे महिना १० रुपयांवरून ३०० आणि एकट्याच्या खोलीचे २० वरून ६०० रुपये करण्याचे त्यात ठरले होते. विद्यार्थी संघाने आंदोलन उभारले, प्रशासनाला काही वाढ मागे घ्यावी लागली. संघाचे पदाधिकारी न्यायालयातही गेले आणि जानेवारी २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी राहिलेल्या विद्यार्थ्यांना जुन्या नियमावलीप्रमाणे ती करू देण्याचा अंतरिम आदेश दिला. निवेदन, वाटाघाट, आंदोलन, न्यायालय ही संघाची खरी हत्यारे. कोणत्या प्रश्नाला यातले कोणते वापरणार, हे चांगल्या जाहीरनाम्यात दिसायला हवे.

गैरसमज ३ : ‘समिती स्थापन करू’ म्हणजे ठोस आश्वासन.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा ती समिती कायद्याने आधीच असायला हवी असते. रॅगिंगविरोधी समिती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी सक्तीची आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१५च्या नियमांनी लागते आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर तिच्यावर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तिन्ही स्तरांवरचा एकेक निवडून आलेला विद्यार्थी असावा लागतो. विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावरचा लोकपाल यांची तरतूद २०२३च्या नियमांत आहे.

जे हक्काने मिळायचे तेच भेट म्हणून देऊ करणारा उमेदवार एक तर नियम वाचत नाही किंवा तुम्ही वाचले नसतील असे धरून चालतो. त्याला विचारा : आपल्या विद्यापीठाचा लोकपाल कोण? अंतर्गत समितीवरचे विद्यार्थी प्रतिनिधी कधी निवडले गेले? ‘समिती आहे, पण तिच्यावरच्या विद्यार्थ्यांच्या जागा भरलेल्या नाहीत, त्यांची निवडणूक घ्यायला लावू’ असे जो म्हणेल, त्याचे आश्वासन ठोस. बाकीचा नुसता शब्दांचा फुलोरा.

गैरसमज ४ : भिंतीभिंतीवर नाव दिसते, म्हणजे उमेदवार वजनदार.

वस्तुस्थिती : भिंतीभिंतीवरचे नाव बहुधा नियमभंगाचा पुरावा असते. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६मध्ये लागू केल्या. त्यानुसार उमेदवाराला जास्तीत जास्त ५,००० रुपये खर्च करता येतात, छापील पोस्टर लावता येत नाही, हाताने केलेले पोस्टर ठरवून दिलेल्या जागीच लावायचे असते. प्रचारात वाहने, ध्वनिक्षेपक आणि प्राणी यांना मनाई आहे. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो.

दिल्ली विद्यापीठात सुमारे दीड लाख मतदार आहेत. ५,००० रुपयांची मर्यादा पाळायची, तर एका मतदारामागे साडेतीन पैसेही येत नाहीत. मग एवढा कागद आला कुठून? कारवाई टाळण्यासाठी पोस्टरवर आपल्याच नावाचे स्पेलिंग मुद्दाम थोडे बदलण्याची युक्तीही तिथे जुनी आहे. २०२४मध्ये हे इतके वाढले की, भिंती स्वच्छ होईपर्यंत मतमोजणी करायची नाही असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. २७ सप्टेंबरला मतदान झाले, मोजणी २५ नोव्हेंबरला. निवडून आलेल्यांचे जवळजवळ दोन महिने वाया गेले आणि तेवढाच वेळ त्यांच्या आश्वासनांना कमी पडला.

गैरसमज ५ : एका संघटनेचे पूर्ण पॅनेलच निवडून द्यावे लागते.

वस्तुस्थिती : दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि सहसचिव या चारही पदांसाठी मत वेगवेगळे असते. २०२४मध्ये अध्यक्ष आणि सहसचिव ही पदे एनएसयूआयला मिळाली, उपाध्यक्ष आणि सचिव ही अभाविपला. संघटनेचा शिक्का म्हणजे गुणवत्तेची हमी नाही, तसेच ‘अपक्ष’ हे चारित्र्याचे प्रमाणपत्रही नाही. मात्र जुन्या संघटनेच्या बाबतीत एक सोय आहे : तिचा मागच्या वर्षीचा जाहीरनामा मिळवून शेजारी ठेवता येतो. तेच कलम पुन्हा आले असेल, तर वर्षभरात त्याचे काय झाले हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गैरसमज ६ : जो चांगला बोलतो, तो चांगला प्रतिनिधी.

वस्तुस्थिती : जेएनयूमधला अध्यक्षपदाचा वादविवाद प्रसिद्ध आहे आणि तो ऐकण्यासारखाही असतो. पण भाषणाकडून अपेक्षा ठेवू नका, प्रश्नोत्तरांकडे लक्ष द्या. जगभरच्या राजकारणावर तावातावाने बोलणारा उमेदवार वाचनालयाच्या वेळेवर प्रश्न आला की कसा अडखळतो, ते तिथेच कळते.

गैरसमज ७ : महाराष्ट्रात निवडणुका होत नाहीत, मग आपल्याला याचे काय?

वस्तुस्थिती : २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ९९ने निवडून आलेल्या विद्यार्थी परिषदेची तरतूद पुन्हा आणली आहे. २०१९मध्ये निवडणुकांची तयारीही झाली होती. विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला आणि विषय मागे पडला. कायदा मात्र जागेवर आहे. उद्या तारखा जाहीर झाल्या, तर आपल्याकडच्या मतदाराला जाहीरनामा वाचायचा सराव नसेल, आणि त्याचा फायदा मोठ्या फलकवाल्यांना होईल.

तेव्हा मत कुठेही द्यायचे असो, उमेदवार वर्गात किंवा मेसमध्ये प्रचाराला आला की तीन गोष्टी विचारा. हे काम कोणाच्या सहीने होणार? पैसा कोणत्या खात्यातून येणार? आणि हाताशी असलेल्या सात-आठ महिन्यांत यातले नेमके किती होणार? सरळ उत्तर देणाऱ्याला मत द्या, मग तो कोणत्याही संघटनेचा असो. कोणीच देत नसेल, तर दिल्ली विद्यापीठाच्या मतपत्रिकेवर ‘नोटा’ आहे. पण घरी बसू नका. २०२४मध्ये तिथे जेमतेम ३५ टक्के मतदान झाले, म्हणजे दर तिघांतल्या दोघांच्या वतीने तिसऱ्याने निर्णय घेतला.