हाकलून देण्याची इंग्रजी क्रियापदे

माणसाला जागेतून, देशातून किंवा समूहातून बाहेर काढण्यासाठी इंग्रजीत बरीच क्रियापदे आहेत आणि शब्दकोश त्यांना बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी बसवतो. परंतु त्यांतील अनेक क्रियापदे न्यायालयात, विद्यापीठात किंवा राजदरबारात घडलेली असल्यामुळे प्रत्येकासोबत त्या त्या ठिकाणचा कायदाही आलेला आहे. कोण हाकलतो आणि कोठून हाकलतो, हा त्यांच्यातला वरवर दिसणारा फरक होय. त्याहून महत्त्वाचा फरक हाकलल्या गेलेल्या माणसाकडे घर, मालमत्ता, नागरिकत्व आणि परतण्याचा हक्क यांपैकी काय शिल्लक राहते, यात आहे.

रोमन कायद्याने हा फरक काटेकोरपणे आखलेला होता. ‘रेलेगातिओ’ या सौम्य शिक्षेत माणसाला रोमपासून दूर राहावे लागे, पण त्याचे नागरिकत्व आणि साधारणपणे मालमत्ताही त्याच्याकडेच राहत असे. ‘देपोर्तातिओ’ या कठोर शिक्षेत त्याला बेटावर नेऊन सोडले जाई आणि तो दोन्हींना मुकत असे. इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने काळ्या समुद्राकाठच्या तोमिस येथे धाडलेला कवी ओव्हिड आपली शिक्षा पहिल्या प्रकारची असल्याचे आग्रहाने सांगत असे, आणि त्याला तसे कारणही होते. इंग्रजीने हे दोन्ही शब्द उचलले, मात्र त्यांची नशिबे वेगळी निघाली: ‘रेलेगेट’ आज मुख्यतः खालच्या श्रेणीत ढकलल्या जाणाऱ्या फुटबॉल संघांच्या वाट्याला येते, तर ‘डिपोर्ट’ हे परकीय व्यक्तीला देशाबाहेर घालवणाऱ्या सरकारी आदेशाचे नाव झाले आहे. ‘एक्स्ट्राडाइट’ म्हणजे प्रत्यार्पण करणे, हे त्याच्या शेजारचे क्रियापद वाटले तरी त्यात पुढाकार दुसऱ्या देशाचा असतो, कारण त्या देशाला खटला चालवण्यासाठी किंवा शिक्षा भोगायला लावण्यासाठी तो माणूस हवा असतो.

अथेन्समधून आलेले ‘ऑस्ट्रसाइझ’ हे या कुळातले सर्वांत विलक्षण क्रियापद म्हणावे लागेल. ‘ओस्त्राकोन’ म्हणजे फुटक्या मडक्याची खापरी. तिच्यावर नकोशा पुढाऱ्याचे नाव कोरून नागरिक मत देत आणि सहा हजारांचा टप्पा गाठला गेला, तर त्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी शहर सोडावे लागे. त्याच्यावर कोणताही आरोप ठेवलेला नसे, त्याची मालमत्ता शाबूत राहत असे आणि मुदत संपल्यावर तो सन्मानाने परत येऊ शकत असे. आधुनिक इंग्रजीत मात्र या क्रियापदातून मतदान गेले, मुदत गेली आणि केवळ टाळले जाण्याचा अर्थ उरला, म्हणजे मूळ संस्थेतील न्याय्य भाग तेवढा गळाला.

ब्रिटिश राजवटीत ‘ट्रान्सपोर्ट’ या आज मालवाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या क्रियापदाला भयंकर अर्थ होता. १७१८ च्या कायद्याने इंग्लंडमधील गुन्हेगारांना अमेरिकेतील वसाहतींत पाठवण्याची पद्धत पक्की झाली, अमेरिका हातची गेल्यावर १७८८ पासून ऑस्ट्रेलियाचा किनारा त्यासाठी वापरला जाऊ लागला आणि ही पाठवणी १८६८ पर्यंत चालली. हिंदुस्थानात याच शिक्षेला लोकांनी ‘काळे पाणी’ म्हटले. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सुनावलेली सहा वर्षांची शिक्षाही कायद्याच्या भाषेत ‘ट्रान्सपोर्टेशन’चीच होती, जी पुढे साध्या कैदेत बदलून मंडालेच्या तुरुंगात भोगायला लावण्यात आली.

जमिनीवरून किंवा घरातून बेदखल करणे या अर्थाच्या ‘एव्हिक्ट’मध्ये लॅटिनमधला ‘जिंकणे’ हा धातू आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडमध्ये तो अर्थ अक्षरशः खरा होता, कारण तेथील शेतकरी बहुतांशी जमीनदारांची कुळे होती आणि खंड थकला की पोलिसांच्या पहाऱ्यात त्यांचे घर रिकामे केले जात असे. १८८० च्या सप्टेंबरमध्ये एनिस येथील सभेत चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या नेत्याने असा उपाय सुचवला की, बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारहाण न करता, त्याच्याशी रस्त्यावर, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळातही कोणी संबंध ठेवू नये. त्याच सुमारास मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने खंडात कुळांनी मागितलेली सूट नाकारून त्यांच्यावर बेदखलीच्या नोटिसा बजावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हा उपाय त्याच्यावरच चालवण्यात आला. गडी काम सोडून गेले, दुकानदारांनी माल देणे थांबवले आणि शेतातले पीक उभेच राहिले. अखेर अल्स्टरमधून पन्नास स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक व पोलिस मिळून सुमारे एक हजार जण तैनात झाले. काही शे पौंडांच्या पिकासाठी सुमारे दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज त्या वेळी मांडला गेला. डिसेंबरच्या आरंभी बॉयकॉटने आयर्लंड सोडले, परंतु तोपर्यंत त्याचे आडनाव वृत्तपत्रांत क्रियापद म्हणून रुळले होते. ‘एव्हिक्ट’ करायला निघालेल्या माणसाच्याच नावाने त्याला घालवून देण्याचे क्रियापद तयार व्हावे, हा योग भाषांच्या इतिहासात क्वचितच जुळून आला असेल.

पंचवीस वर्षांनी, बंगालच्या फाळणीनंतर, हा शब्द हिंदुस्थानच्या राजकारणात केंद्रस्थानी आला आणि स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्यासोबत ‘बहिष्कार’ टिळकांच्या चतुःसूत्रीत बसला. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा त्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दंड करून वसतिगृहातून काढून टाकले. शिक्षणसंस्थांच्या इंग्रजीत अशा शिक्षांनाही ठरलेल्या पायऱ्या आहेत: ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ‘रस्टिकेट’ म्हणजे विद्यार्थ्याला काही काळापुरते ‘खेड्यात’ धाडणे, तर कायमच्या गच्छंतीसाठी ‘सेंड डाउन’ हा वेगळा प्रयोग. भारतातल्या बोलीत ‘रस्टिकेट’ हेच बहुधा कायमचे समजले जाते, त्यामुळे ब्रिटिश विद्यापीठाचे पत्र वाचणाऱ्या भारतीय पालकांच्या पोटात विनाकारण गोळा येऊ शकतो.

ब्रिटनमध्ये जवळजवळ ऐकू न येणारे ‘एक्स्टर्न’ हे क्रियापद महाराष्ट्रातील पोलिस ठाण्यांत अद्याप जिवंत आहे. १९५१ च्या पोलिस कायद्यातील ५५ ते ५७ या कलमांखाली उपद्रवी ठरवलेल्या व्यक्तीला ठरावीक हद्दीबाहेर राहण्याचा आदेश देता येतो, त्यालाच लोक ‘तडीपार’ म्हणतात. हा आदेश दोन वर्षांहून अधिक काळाचा असू शकत नाही आणि त्याने नागरिकत्वाला किंवा मालमत्तेला धक्का लागत नाही. म्हणजे ओव्हिडची शिक्षा कायद्याच्या दृष्टीने याच जातकुळीतली ठरते.

जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या माणसाची स्थिती याच्या अगदी उलट असते, कारण तो त्याच गावात, त्याच घरात राहतो, पण पाणवठा, लग्नकार्य, अंत्यविधी आणि देवळाची पायरी त्याला बंद होते, आणि मुदत नावाची गोष्ट तेथे नसते. महाराष्ट्राने या प्रथेविरुद्ध केलेला २०१६ चा कायदा जुलै २०१७ मध्ये अमलात आला आणि त्याच्या इंग्रजी नावात तिच्यासाठी ‘सोशल बॉयकॉट’ हेच शब्द आहेत. आयर्लंडमधील कुळांनी जमीनदाराच्या माणसावर उगारलेले शस्त्र येथे समूहाने एकट्या कुटुंबावर उगारलेले असते, म्हणून कायद्याने ते गुन्हा ठरवले असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.