नेसा, घाला, माळा आणि वाढवा!

साडी ‘घातली’ म्हणालात की घरातली एखादी आत्या टोकणारच. शिवलेलं असेल ते घालायचं, अखंड वस्त्र कमरेला गुंडाळायचं ते नेसायचं, हा तिचा कायदा. म्हणून सदरा, विजार, झंपर घालतात. लुगडं, धोतर, लुंगी, पंचा नेसतात. हल्लीच्या शिवलेल्या नऊवारीनं मात्र पंचाईत केली आहे. पाय घालायचे, नाडी आवळायची, की झालं! तरी बायका ‘नेसले’च म्हणतात. म्हणू द्या, ऐकायला तेच बरं वाटतं.

डोक्यावर गेलात की आणखी गंमत. टोपी घालतात, फेटा बांधतात, पदर घेतात, गजरा माळतात. हातांचंही तसंच: कासार हात दाबून दाबून काचेच्या बांगड्या चढवतो, त्या ‘भरतात’, सोन्याच्या पाटल्या आपल्या आपण घालतात.

शेतात तर पिकागणिक क्रियापद बदलतं. ज्वारी काढतात, भात कापतात, ऊस तोडतात, कापूस वेचतात, भुईमूग उपटतात. आंबा झेल्यानं अलगद उतरवतात, नारळ सरळ पाडतात. पण तोच नारळ देवापुढे आला की त्याची बढती होते. तिथे तो फोडायचा नाही, ‘वाढवायचा’. बांगडी पिचली तरी ती ‘वाढली’, मंगळसूत्र तुटलं तरी ‘वाढलं’. अशुभ बोलायचं नाही ना! चटणीसाठी मात्र नारळ बिनदिक्कत फोडतात. तिथे देव बघत नसावा.

आता जोडशब्द. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. दरबारी फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. अष्टप्रधानांची नावंही बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. लोकांनी मात्र निवड करण्याची कटकटच ठेवली नाही. दोन्हीकडचे समानार्थी शब्द शेजारी शेजारी बसवून टाकले. ‘कागदपत्र’मधला कागद फारसी, पत्र संस्कृत. ‘बाजारहाट’मधला बाजार फारसीतला, हाट संस्कृत ‘हट्ट’वरून आलेला. ‘मानमरातब’मध्ये मान संस्कृत, मरातब अरबी. ‘लाजशरम’मध्ये लाज इथली, शरम फारसी, पण सोडायची वेळ आली की माणूस दोन्ही एकदमच सोडतो.