दोघी (मराठी चित्रपट)

'दोघी' हा १९९५ सालचा मराठी चित्रपट असून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो दिग्दर्शित केला आहे. त्याआधी 'बाई' (१९८५) व 'पाणी' हे लघुपट करणाऱ्या या जोडीचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट होय. रेणुका दफ्तरदार (गौरी) आणि सोनाली कुलकर्णी (कृष्णा) यांनी बहिणींच्या, उत्तरा बावकर यांनी आईच्या, तर सदाशिव अमरापूरकर यांनी मामाच्या भूमिका केल्या आहेत.

कथानक

खेड्यातील एका शेतकरी घरात थोरल्या गौरीच्या लग्नाची तयारी चालू असते. वाटेत वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो आणि नवरदेवासह वऱ्हाड दगावते. लग्न लागण्यापूर्वीच गौरीच्या कपाळी 'पांढऱ्या पायाची' हा शिक्का बसतो. वडील अंथरुणाला खिळतात, घरात दोन वेळच्या अन्नाची भ्रांत पडते. मामा गौरीला मुंबईला नेण्याचे सुचवतो आणि आई नाइलाजाने संमती देते. गौरी वेश्याव्यवसायात ढकलली जाते. तिच्या पैशांवर घर सावरते. पुढे कृष्णाचे लग्न ठरते. त्यासाठी गौरी परत येते, तेव्हा घराला तिचे पैसे चालतात, परंतु ती स्वतः मंगलकार्यात चालत नाही. धाकटीला हे सहन होत नाही.

बहिणींचे नाते

चित्रपटाचा खरा कणा बहिणींची एकमेकींवरील माया हा आहे. विहीर, शेत, चूल आणि अंथरूण यांच्या सहवासात वाढलेल्या या मुलींचे नाते मोठमोठ्या संवादांतून नव्हे, तर नित्याच्या कामांतून उलगडते. थोरलीने सोसले म्हणून धाकटीचा संसार उभा राहणार, ही जाणीव कृष्णाला अस्वस्थ करते. बहिणीला उंबऱ्याबाहेर ठेवून मिळणारे सुख तिला नको आहे. आईला मात्र खलनायिका ठरवणे अन्यायाचे होईल. एका मुलीची अब्रू गेली, आता दुसरीची तरी राहावी, एवढाच तिचा हिशेब आहे. तो क्रूर असला तरी गावाने तिला शिकवलेला आहे.

थोरलीच्या आधी धाकटीचे लग्न करू नये, हा संकेत महाराष्ट्रापुरता नाही. जुनिचिरो तानिझाकी यांच्या 'सासामेयुकी' या जपानी कादंबरीत तिसऱ्या बहिणीचे लग्न जमत नाही म्हणून चौथीचे अडते. तिच्यावर १९५०, १९५९ आणि १९८३ साली चित्रपट निघाले. यासुजिरो ओझू यांच्या १९५० सालच्या 'मुनेकाता भगिनी'मध्ये थोरली दुःखाचा संसार मुकाट्याने रेटते, तर धाकटी तिच्यासाठी बंड करू पाहते. तेथील घरे सुस्थितीतली किंवा उतरती कळा लागलेली आहेत. 'दोघी'तील घरापुढे प्रश्न पोटाचाच आहे, त्यामुळे गौरीचा त्याग तिने निवडलेला नसून तिच्यावर लादलेला आहे.

संगीत व पुरस्कार

ना. धों. महानोर यांच्या शब्दांना आनंद मोडक यांनी संगीत दिले. या चित्रपटातील गायनासाठी अंजली मराठे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटालाही सामाजिक विषयावरील चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

बहिणींच्या नात्याकडे ही दिग्दर्शकजोडी 'अस्तु' (२०१३) मध्ये पुन्हा वळली. तेथे इरावती हर्षे व देविका दफ्तरदार यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या दोन मुली साकारल्या असून, वडिलांना कोणी व कसे सांभाळायचे, हा त्यांच्यातील प्रश्न आहे.