पत्र्याची होडी निवडताना

उसाच्या मुलखात काहील म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. गुऱ्हाळात रस आटविण्याची ही रुंद, सपाट तळाची लोखंडी कढई. पूर्वी नदीला पूर येऊन उतार बंद झाला, म्हणजे कित्येक गावी हीच काहील पाण्यात लोटून माणसे पैलतीरी नेली जात. लोखंडाचा तुकडा पाण्यात टाकला तर तळाशी जातो. पण त्याच लोखंडाची काहील चार माणसे घेऊन तरंगते, कारण आपल्या आणि माणसांच्या वजनाइतके पाणी ती बाजूस सारते. मात्र तीच काहील कलून काठावरून पाणी आत आले, की ती पुन्हा लोखंडाच्या तुकड्यासारखीच वागते. पत्र्याच्या कोणत्याही होडीचा गुण आणि दोष या एका उदाहरणात सामावलेला आहे.

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत हा विषय आज केवळ हौसेचा राहिलेला नाही. बीडच्या बालाघाट डोंगरातून निघालेली मांजरा बीदर जिल्ह्यातून पुढे जाते. तिची उपनदी कारंजा भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ अडविली आहे. भीमाशंकराकडून येणारी भीमा सोलापूरची हद्द ओलांडून अफझलपूर तालुक्यात येते आणि गाणगापुरास तिला अमरजा मिळते. आळंद तालुक्यात अमरजेवर आणि कलबुर्गी जिल्ह्यातच बेण्णेतोरेवर धरणे झाली आहेत. जेथे पूर्वी भोई आणि कोळी नदीच्या डोहांतून मासे धरीत, तेथे आता मैल मैल पसरलेले पाणी आहे. त्यात रोहू, कटला आणि मृगळ वाढतात. मरळ आणि चिलापीही सापडतात. हा धंदा या भूमीत जुना व मानाचा आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत जे शरण जमले, त्यांत अंबिगर चौडय्या हे व्यवसायाने नावाडी होते.

या भागातील परंपरागत वाहन म्हणजे हरिगोल. बांबूच्या कामट्यांची गोल टोपली विणावयाची आणि तिला बाहेरून आवरण घालावयाचे, ही त्याची रीत. पूर्वी हे आवरण कातड्याचे असे. आता प्लास्टिकचे कापड आणि डांबर वापरतात. तो स्वस्त असतो, उथळ पाण्यात चालतो, घरी दुरुस्त होतो आणि एकटा माणूस तो डोक्यावर घेऊन जाऊ शकतो. परंतु मोठ्या जलाशयात त्याचा गोल आकार आड येतो. तो सरळ जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरतो आणि वारा नेईल तिकडे जातो. मोटारीच्या फुगविलेल्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारेही अनेक तलावांवर दिसतात. त्यांच्या हातून तर दिशा आणि तोल ही दोन्ही लवकर सुटतात. म्हणून चार पैसे गाठीस जमले, की मच्छीमाराचे लक्ष पत्र्याच्या चपट्या होडीकडे वळते.

या होडीचे घराणे अमेरिकेतील आहे. मिसुरी आणि आर्कान्सा राज्यांतील ओझार्क डोंगरांत व्हाइट नदीसारख्या उथळ, खडकाळ नद्या आहेत. तेथील लोक फळ्यांची, लांबट, सपाट तळाची होडी वापरीत. तिला 'जॉन बोट' असे साधे नाव पडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे वाकविण्याचे आणि रिव्हेटांनी जोडण्याचे तंत्र पक्के झाले. युद्ध संपताच, १९४५ साली, ग्रमन या विमाने बांधणाऱ्या कंपनीने त्याच तंत्राने लहान नावा बनविण्यास प्रारंभ केला. इतर कारखान्यांनीही हा धातू उचलला आणि चपटी होडीही पत्र्याची झाली. आपल्याकडे घरोघर ज्या भांड्यांना 'जर्मन'ची भांडी म्हणतात, त्यांचाच हा धातू. तो पाण्याच्या पावणेतीनपट जड असतो, तर लोखंड पावणेआठपट. म्हणून बारा फूट लांबीची होडी पन्नास ते ऐंशी किलोंत होऊ शकते.

आता निवडीकडे वळू. होडी पाहण्यापूर्वी पाणी पाहावे, हा पहिला नियम. उन्हाळ्यात जलाशय आटला, की काठापासून दूरवर काळ्या मातीचा चिखल उघडा पडतो. दोन माणसांना ओढता येणार नाही अशी होडी तेव्हा निरुपयोगी ठरते. धरणाखाली गेलेल्या शेतांतील बाभळींचे बुंधे आणि जुन्या घरांच्या भिंती पाण्याखाली तशाच असतात, आणि पाणी उतरू लागले म्हणजे त्या तळाला लागतात. शिवाय वारा जितके लांब अंतर मोकळ्या पाण्यावरून वाहतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. वरच्या अंगाला फुगवट्याच्या शांत पाण्यात जी होडी उत्तम चालते, तीच धरणाच्या भिंतीजवळ धोक्याची ठरू शकते.

दुसरा विचार आकाराचा आणि ओझ्याचा. त्याचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. होडीचा तळ साडेतीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद आहे असे समजा. पुढचा निमुळता भाग वगळला, तर ती एक सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे तीस किलो वजन लागते. होडी साठ किलो, दोन माणसे एकशे तीस, जाळी व नांगर तीस आणि मासळी पन्नास, मिळून दोनशे सत्तर किलो झाले. म्हणजे होडी नऊ सेंटिमीटर बुडेल. बाजूची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर असेल, तर छत्तीस सेंटिमीटर पाण्यावर राहतील. हे स्थिर पाण्यातील गणित झाले. भरलेले जाळे ओढताना दोघेही एकाच काठाकडे झुकले, तर त्या बाजूस यातील बराच भाग नाहीसा होतो. सपाट तळाची होडी आरंभी फार स्थिर भासते, परंतु एका मर्यादेपलीकडे कलली की पुन्हा सावरत नाही. म्हणून तळाची रुंदी एक मीटरहून कमी नसावी, जाळे ओढताना एकाने बसून दुसऱ्या बाजूस भार द्यावा आणि दोघांनी एकदम उभे राहू नये. पुढचे तोंड चौकोनी असेल तर जागा अधिक मिळते, पण लाटेवर ते आपटते. मोठ्या जलाशयासाठी किंचित टोकदार तोंड बरे.

तिसरा विचार पत्र्याचा. भांड्यांचा शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतो. होडीसाठी त्यात मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा लागतो. बाजारात तो ५०५२ किंवा ५०८३ अशा क्रमांकांनी ओळखला जातो. हा क्रमांक विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावा. बुंधे आणि दगड असलेल्या पाण्यात पत्रा दोन मिलिमीटरहून पातळ नसावा. रिव्हेटांची होडी कालांतराने सांध्यांतून पाझरते, पण तिच्यावर ठिगळ गावातही बसविता येते. वेल्डिंगची होडी घट्ट असते. मात्र लोखंडी दरवाजे जोडणाऱ्या कारागिराचे नेहमीचे वेल्डिंग तिला चालत नाही, त्यासाठी आर्गॉन वायूची सोय असलेले दुकान शोधावे लागते. जुनी होडी घेताना ती दोन ठोकळ्यांवर ठेवून आत वीतभर पाणी ओतावे आणि खालून पाहावे. कोणता सांधा गळतो हे लगेच दिसते.

हा धातू लोखंडासारखा गंजत नाही, पण त्यालाही शत्रू आहेत. जर्मनच्या पातेल्यात आंबट आमटी ठेवू नये हे गृहिणींना ठाऊक असते. चुना आणि धुण्याचा सोडाही त्यास खातात. त्याहून मोठा शत्रू म्हणजे दुसरा धातू. ओल्या पत्र्यास तांबे किंवा पितळ टेकून राहिले, तर दोहोंमध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून भोक पडते. साध्या लोखंडी खिळ्यानेही असेच होते. म्हणून रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचेच असावेत. पायांचा आवाज होऊन मासे बुजू नयेत म्हणून तळाशी गोणपाट अंथरतात. ते योग्यच आहे. परंतु काम संपताच ते काढून वाळवावे, कारण ओल्या गोणपाटाखाली पत्रा हळूहळू कुजतो.

चौथा विचार शेवटी सांगितला असला, तरी तो पहिल्या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे. लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते आणि माणसाला तिला धरून राहता येते. पत्र्याची होडी भरली की काहिलीप्रमाणे तळ गाठते. साठ किलोंच्या होडीचे पाण्यातील वजन सुमारे अडतीस किलो भरते. तितके वजन उचलणारी हवाबंद वस्तू होडीतच बसविलेली असली पाहिजे. चांगल्या होड्यांत बैठकीखाली पाणी न शोषणारा फेस भरलेला असतो; त्याचा एक लिटर जवळजवळ एक किलो वजन उचलतो. तो नसेल, तर घट्ट झाकणाचे वीस लिटरचे पाच रिकामे प्लास्टिकचे कॅन बैठकींखाली, दोन्ही बाजूंस व दोन्ही टोकांस पक्के बांधावेत. त्यांनी शंभर किलोंचा आधार मिळतो: होडीचे अडतीस किलो जाऊन उरलेला दोघांना धरून राहण्यास पुरतो. मागे इंजिन लावावयाचे असेल, तर त्याच्या वजनासाठी आणखी कॅन हवेत.

हे खरे ठरते की नाही, याची परीक्षा सोपी आहे. होडी कमरेइतक्या पाण्यात न्यावी आणि काठोकाठ पाण्याने भरावी. ती सरळ राहून तरंगली, तरच पैसे मोजावेत. विक्रेता या परीक्षेस नाखूष असेल, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

या परीक्षेचे मोल वळिवाच्या दिवसांत कळते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत पाणी आरशासारखे असते; तिसऱ्या प्रहरी आभाळ भरते आणि पाहता पाहता वारा सुटतो. लहान सरोवरावरचा वारा लहान असतो, ही समजूत चुकीची आहे. गालील सरोवर सुमारे एकवीस किलोमीटर लांबीचे, गोड्या पाण्याचे. परंतु त्यावरील अचानक उठणाऱ्या वादळाने अनुभवी कोळ्यांचा धीर सुटल्याची कथा शुभवर्तमानात आहे. १९८६ साली दुष्काळाने ते पाणी ओसरले, तेव्हा चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक होडी सापडली. तीही उथळ पाण्यासाठी बांधलेली, आठ मीटरांहून थोडी अधिक लांब आणि अनेक जातींच्या लाकडांनी पुनःपुन्हा डागडुजी केलेली होती. तिच्या मालकाच्या आणि आजच्या मच्छीमाराच्या काळजीत फारसे अंतर नाही.

म्हणून ढग दिसू लागताच काठ गाठावा. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू नावाडीच असतो आणि वीज त्याच्यावरच पडण्याचा संभव अधिक. पोहता येणाऱ्यानेही जीवरक्षक जाकीट अंगात घालावे, बैठकीखाली ठेवू नये. बाहेर पडण्यापूर्वी कोणत्या बाजूस जातो आणि केव्हा परततो हे घरी सांगावे.

होडीची किंमत पत्र्याच्या चकाकीवरून ठरविण्याचा मोह होतो. पण ज्या घरचा कर्ता माणूस पहाटे अंधारात जाळे घेऊन निघतो, त्या घरची माणसे तो किती मासळी आणील याआधी तो परत येईल ना, याचीच वाट पाहत असतात. होडी घेताना त्यांचा विचार प्रथम व्हावा.