ओल्ड इज ‘लॉ’!

दर दोन वर्षांनी जॉब बदलणाऱ्या आपल्या पिढीला, एकाच पाटीखाली चार-पाच पिढ्या काम करतायत ही कल्पनाच झेपत नाही. पण मुंबईच्या फोर्टमध्ये अशी ऑफिसेस आहेत. शंभर, दीडशे, त्याहूनही जास्त वर्षं जुन्या सॉलिसिटर फर्म्स. त्या टिकल्या कशा? आणि तिथे आज एखाद्या पंचविशीतल्या मुलीने का राहावं?

तुमची कंपनी कधी सुरू झाली, माहितीये? आयटीवाले असाल तर फार फार तर तुमच्या आई-बाबांच्या कॉलेजच्या दिवसांत. बँकेत असाल तर आजोबांच्या काळात. आता हे ऐका. हॉर्निमन सर्कलजवळ क्रॉफर्ड बेली अँड कंपनी नावाची लॉ फर्म आहे. स्थापना १८३०! देशातली सगळ्यात जुनी लॉ फर्म म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

१८३० म्हणजे काय, तर मुंबईत तेव्हा रेल्वे नव्हती (ती आली १८५३ ला), युनिव्हर्सिटी नव्हती (१८५७), हायकोर्टही नव्हतं (१८६२). राज्य ईस्ट इंडिया कंपनीचं. फोर्टला खरोखरचा कोट होता, भिंती आणि दरवाजांसकट. आणि नाव ऐकून क्रॉफर्ड मार्केट आठवलं असेल, तर थांबा. मार्केटला ज्याचं नाव मिळालं तो आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर झाला. फर्म तेव्हा पस्तिशीची होती!

दोघांचा धंदा, एक अशील

या फर्म्स मुंबईतच एवढ्या का फोफावल्या? उत्तर आहे हायकोर्टाच्या एका जुन्या पद्धतीत. जिल्ह्याच्या कोर्टात एकच वकील सगळं करायचा. अशिलाला भेटायचा, कागद तयार करायचा, कोर्टात उभा राहायचा. मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे मात्र थेट हायकोर्टात, ‘ओरिजिनल साइड’ला चालायचे. तिथे कामाची वाटणी होती. सॉलिसिटरने अशिलाचं ऐकून घ्यायचं, पुरावे गोळा करायचे, ब्रीफ बांधायचं. आणि कोर्टात युक्तिवाद करायचा तो कौन्सेलने. अशील थेट कौन्सेलकडे जाऊ शकत नव्हता, मधे सॉलिसिटर हवाच.

म्हणजे सिनेमात दिसतो तो ‘मिलॉर्ड’वाला हीरो कौन्सेल. पण घरातल्या भानगडी, धंद्यातले घोळ, मृत्युपत्रात कुणाला वगळलंय, हे सगळं माहीत असायचं सॉलिसिटरला. बाप गेला की मुलगा त्याच फर्मकडे जायचा. कारण कागद तिथेच होते!

कायद्याच्या पुस्तकातून ‘सॉलिसिटर’ ही वेगळी जात १९७६ च्या दुरुस्तीने गेली. आज सगळे ॲडव्होकेटच. पण मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा अजून होते, आणि तिची धास्ती आजही तेवढीच आहे.

पाटी वाचा, मुंबई कळेल

मला या फर्म्समधली सगळ्यात मजेदार गोष्ट वाटते ती त्यांची नावं. नुसती वाचत गेलं तरी शहराचा इतिहास कळतो. क्रॉफर्ड बेली (१८३०) आणि लिटल अँड कंपनी (१८५६) ही सरळ साहेबांची नावं. मग वाडिया घांडी (१८८३). नीट वाचा, गांधी नव्हे, घांडी! हे पारशी. भाईशंकर कांगा अँड गिरधरलाल या एका पाटीवर गुजराती आणि पारशी शेजारी-शेजारी बसलेत. आणि जीभ अडखळेल असं नाव म्हणजे मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो. देशी फर्म आणि साहेबी फर्म एकत्र आल्या, कुणीच आपलं नाव सोडलं नाही, असा सगळा मामला!

यातले मुल्ला म्हणजे दिनशा मुल्ला (१८६८-१९३४). लॉ करणाऱ्या कुणालाही विचारा, हे नाव ऐकून घाम फुटेल. हिंदू कायदा, मुस्लिम कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता, तिन्हींवरची त्यांची पुस्तकं आजही नव्या आवृत्त्यांमध्ये वापरली जातात. हिंदू आणि मुस्लिम दोघांच्या घरगुती कायद्याचं पुस्तक लिहिणारा माणूस पारशी! हे मुंबईतच होऊ शकतं. पुढे १९३० मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले.

आणखी एक नाव. १९०२ मध्ये एका तरुण बॅरिस्टरने फोर्टमधल्या पेन, गिल्बर्ट अँड सयानी या फर्मच्या ऑफिसात एक खोली भाड्याने घेतली. आता आपण मुंबईत सेटल झालो, असं त्याला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेहून बोलावणं आलं आणि तो गेला. मोहनदास करमचंद गांधी. सॉलिसिटरच्या ऑफिसात जागा मिळाली की करिअर मार्गी लागलं, हा फंडा तेव्हाचाच!

या पाट्यांवर एका गोष्टीची मात्र कायम गैरहजेरी आहे. बायकांची नावं. १९२३ पर्यंत बाईला वकिलीची वाट जवळजवळ बंदच होती. त्या वर्षी कायदा झाला आणि मिठन लाम यांच्यासारख्या बायका मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या. पण मोठ्या फर्मच्या नावात बाईचं अक्षर यायला बराच काळ गेला. २००४ मध्ये उभ्या राहिलेल्या एझेडबी अँड पार्टनर्समधला ‘झेड’ म्हणजे झिया मोदी.

वीसचा पाढा

एवढ्या जुन्या फर्म्स, मग त्या अमेरिकन फर्म्ससारख्या अवाढव्य का नाही झाल्या? दोन कारणं. पहिलं, १९५६ च्या कंपनी कायद्याने भागीदारांची संख्या वीसवर अडवली. एकविसावा हुशार माणूस आला की त्याने थांबायचं, नाहीतर बाहेर पडून स्वतःची पाटी लावायची. २००८ मध्ये एलएलपीचा कायदा आला, २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मर्यादा पन्नासवर गेली, तेव्हा कुठे श्वास घेता आला. तोपर्यंत अनेक फर्म्स घरच्या माणसांपुरत्याच राहिल्या होत्या.

दुसरं कारण तर भन्नाट आहे. वकिलांना जाहिरात करायला बंदी! बार कौन्सिलच्या नियमात पाटीसुद्धा ‘वाजवी आकाराची’ असावी असं लिहिलंय. वेबसाइटला परवानगी मिळाली ती २००८ मध्ये, आणि तीही मोजक्या माहितीपुरती. म्हणूनच कुठल्याही लॉ फर्मची साइट उघडली की आधी ‘मी स्वतःहून आलोय’ अशा अर्थाच्या मजकुरावर क्लिक करावं लागतं. थोडक्यात, ब्रँड म्हणजे फक्त नाव, आणि ते तोंडी पसरणार.

नाव एवढं मोलाचं असेल तर ते कुणाचं, हा प्रश्न येणारच. १९१७ ची अमरचंद मंगलदास हे त्याचं मोठं उदाहरण. १९९१ नंतर परदेशी पैसा आला, मर्जर-ॲक्विझिशनचं युग सुरू झालं आणि या फर्मने जोरात भरारी घेतली. धाकटी पाती मुंबई आणि दिल्ली सांभाळत होती. मग घरात वाद झाला आणि मे २०१५ मध्ये, शंभरीला दोन वर्षं बाकी असताना, एकाच्या दोन फर्म्स झाल्या. सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास. बाकी सगळ्याची वाटणी झाली. आजोबांचं नाव मात्र दोघांनीही ठेवलं.

काचेची बिल्डिंग की लाल फीत?

माझी एक मैत्रीण फोर्टमधल्या अशाच एका जुन्या फर्ममध्ये आर्टिकलशिप करते. तीन वर्षांची उमेदवारी. स्टायपेंड? लोकलचा फर्स्ट क्लास पास आणि महिन्याचं जेवण झालं की संपला. मागच्या वर्षी तिला लोअर परळच्या काचेच्या बिल्डिंगमधून ऑफर आली. पगार ऐकून मीच खुर्चीतून पडणार होते. घरी होमलोन सुरू आहे, वडील रिटायर व्हायला आलेत. सगळे म्हणाले, ‘वेडी आहेस का? घे!’

तिने महिनाभर विचार केला आणि नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, “परवा एक बाई आजोबांच्या मृत्युपत्राचा कागद शोधत आल्या. तो आमच्याकडे होता. लाल फितीत बांधलेला, आमच्याच एका जुन्या सॉलिसिटरच्या अक्षरातला. मी तो उलगडला आणि त्या रडायलाच लागल्या. मला असा कागद लिहायला शिकायचंय, जो पन्नास वर्षांनी कुणीतरी उघडेल आणि त्यात चूक सापडणार नाही.”

ऐकायला छान वाटतं. पण ईएमआय कागदावर नाही, पगारावर भागतो. परीक्षा सुटली नाही तर ही तीन वर्षं गेली म्हणायची, हे तिलाही माहितीये. २०२३ पासून परदेशी फर्म्सनाही मर्यादित कामासाठी दार किलकिलं झालंय, म्हणजे स्पर्धा वाढणारच. जुन्या फर्म्सना अशा मुली टिकवायच्या असतील तर निव्वळ परंपरा पुरणार नाही, स्टायपेंडचाही आकडा बदलावा लागेल. शेवटी फर्म जगवली ती पाटीवरच्या नावांनी थोडीच? ती जगवली फाइल बांधणाऱ्या, पाटीवर कधीच न आलेल्या माणसांनी.

शनिवारची फेरी

- हॉर्निमन सर्कलपासून सुरुवात करा. जुन्या फर्म्सच्या पाट्या शोधायच्या तर नजर दाराशेजारी ठेवा. ‘वाजवी आकार’ लक्षात आहे ना?
- तिथून लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. आजच्या हायकोर्टाच्या आधी कोर्ट इथे भरायचं.
- वीर नरिमन रोडवर रेडीमनी मॅन्शन. दगडी कमानी आणि लाकडी बाल्कन्या, फोटोसाठी बेस्ट.
- शेवटी ओव्हल मैदानाकडून १८७८ ची हायकोर्टाची इमारत बघा. कौन्सेल आत भांडतायत, सॉलिसिटर बाहेर कागद जुळवतायत, हे दृश्य बघायचं तर मात्र कामाच्या दिवशीच जा.