संकटकाळची पिशवी

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हा शहाणपणा सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु जो विहीर आधींच खणून ठेवतो, त्याच्यापुढेंहि एक प्रश्न उरतोच. घर सोडून निघण्याची वेळ आली, तर ती विहीर पाठीवर घेऊन जातां येत नाहीं. भूकंप, महापूर किंवा आग यांच्या वेळीं कित्येकदां चार-दोन मिनिटांतच घराबाहेर पडावें लागतें. अशा प्रसंगाकरितां एक भरलेली पिशवी हाताशीं असावी, हें पुष्कळांस पटतें. पण त्या पिशवींत काय भरावें, आणि त्याहूनहि काय भरूं नये, याचा विचार थोडेच लोक करतात. जपानांतील लोकांनीं हा विचार फार बारकाईनें केला आहे, आणि त्याची किंमतहि त्यांनीं मोजली आहे.

आजच्या टोकिओ शहराचें जुनें नांव एदो. तेथें १६५७ सालीं मोठा अग्निप्रलय झाला. त्या वेळीं लोकांनीं आपला संसार चाकें लावलेल्या मोठमोठ्या पेट्यांत भरून रस्त्यावर ओढीत आणला. या पेट्यांनीं रस्ते कोंडले, आणि मागून येणाऱ्यांस पुढें जाण्यास वाट उरली नाहीं. पुढें १६८३ मध्यें सरकारनें अशा पेट्यांवर बंदीच घातली.

पण सामानाचा मोह हुकुमानें सुटत नाहीं. १ सप्टेंबर १९२३ रोजीं, दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटें असतां, टोकिओ व आसपासच्या प्रदेशास भूकंपाचा जबरदस्त धक्का बसला. जेवणाची वेळ असल्यामुळें घरोघर चुली पेटलेल्या होत्या. लांकडी घरें कोसळतांच जागोजाग आगी लागल्या. सुमिदा नदीजवळ होंजो भागांत पूर्वीं लष्करी कपड्यांचें कोठार होतें. ती जागा तेव्हां मोकळी पडलेली होती. हजारों लोक गाद्या, कपाटें, पेट्या आणि हातगाड्यांवर लादलेला संसार घेऊन तेथें आले, आणि आतां धोका टळला असें समजून विसावले. चारच्या सुमारास आगीची वावटळ त्या मैदानावर आली. ठिणग्या सामानावर पडल्या, आणि जें वांचविण्याकरितां आणलें होतें, तेंच सरपण झालें. त्या एका मैदानांत सुमारें ३८ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं.

१९६० पासून १ सप्टेंबर हा दिवस जपानांत आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळला जातो. तेथील व्यवस्थेचें मर्म असें कीं, साठा आणि पिशवी यांत फरक केला जातो. साठा हा घरीं राहून दिवस काढण्याकरितां, आणि पिशवी ही जीव घेऊन निघण्याकरितां. एका पाण्याचाच हिशेब पाहावा. माणशीं रोज ३ लिटर याप्रमाणें निदान ३ दिवसांचें पाणी घरांत ठेवावें, असें तेथें सांगतात. चार माणसांच्या कुटुंबास हें ३६ लिटर होतें; आणि एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, म्हणजे ३६ किलो झालें. एवढें ओझें घेऊन अंधारांत जिना उतरणें कोणास शक्य आहे? म्हणून साठा घरीं राहतो, आणि पिशवींत माणशीं एक-दोन बाटल्याच येतात. पिशवीचें एकंदर वजन धडधाकट पुरुषाकरितां १५ किलो व स्त्रीकरितां १० किलो, अशी मर्यादा तेथें साधारणपणें सांगण्यांत येते. ज्यास कडेवर मूल घ्यावयाचें आहे किंवा वृद्धास हात द्यावयाचा आहे, त्यानें याच्या निम्म्यावरच थांबावें हें बरें.

एवढें ऐकून कोणासहि वाटेल कीं, सुखसोयीच्या वस्तु सरसकट काढून टाकाव्या. तसें केल्यास उलट बाजूची चूक होते. एप्रिल २०१६ मध्यें जपानच्या कुमामोतो भागांत मोठे भूकंप झाले. घरें कोसळून व दरडी ढांसळून ५० माणसें मेलीं. परंतु पुढील दिवसांत आणि महिन्यांत, निवाऱ्यांतील हालांनीं, मोटारींत अवघडून झोपल्यानें किंवा जुने आजार बळावल्यानें जीं माणसें गेलीं, त्यांची संख्या दोनशेंच्या वर आहे. त्यांत बहुतेक वृद्ध होतीं. प्रत्यक्ष भूकंपानें जितके बळी घेतले, त्याच्या चौपट माणसें त्यानंतरच्या गैरसोयीनें गेलीं.

हें कसें घडतें, तें समजण्यासारखें आहे. निवाऱ्यांत शौचाची सोय घाणेरडी किंवा अपुरी असली, म्हणजे माणसें, विशेषतः स्त्रिया व वृद्ध, पाणी पिण्याचेंच टाळतात. अंगांतील पाणी कमी पडतें, रक्त दाटतें, आणि पाय मुडपून तासन् तास बसल्यास पायांत रक्ताची गांठ धरते. ती सुटून फुप्फुसांत गेली म्हणजे प्राणावर बेततें. तसेंच, तोंड स्वच्छ न राहिल्यास त्यांतील जंतु श्वासावाटे वृद्धांच्या फुप्फुसांत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हणून जपानी पिशवींत ओल शोषून घेणाऱ्या भुकटीच्या शौच-पिशव्या आणि दांतांचा ब्रश आवर्जून असतात. ब्रशाचें वजन तें किती! वरकरणीं ती चैनीची वस्तु वाटते. पण ती आजीचे प्राण वांचवूं शकते.

तेव्हां वस्तु सुखाची कीं गरजेची, हा खरा प्रश्न नव्हे. प्रत्येक वस्तु हातांत घेऊन दोन प्रश्न विचारावे. ही नसल्यास तिसऱ्या दिवशीं काय होईल? आणि ही असल्यास पहिल्या तासांत किती जड होईल? चष्मा, रोजचीं औषधें, विजेरी, शिट्टी, कागदपत्रांच्या प्रती आणि थोडी सुटी नाणीं-नोटा या कसोटीस सहज उतरतात. ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्याचा आवाज लवकर बसतो, पण शिट्टी वाजविण्यास फार बळ लागत नाहीं. चांदीचीं भांडीं, फोटोंचे जाड संग्रह आणि डबाबंद खाद्यांची रास यांचा मात्र येथें निभाव लागत नाहीं.

कांहीं ठिकाणीं निवड खरोखर अवघड असते. चकाकणाऱ्या पातळ पत्र्यासारखें पांघरूण पन्नास-साठ ग्रॅमचें असतें व अंगाची ऊब राखतें. पण तें रात्रभर चुरचुरतें, आणि शेजाऱ्यांचीहि झोंप मोडतें. घोंगडी उबदार खरी, पण दोन किलोंची. घरांत आजारी किंवा वृद्ध माणूस असल्यास मध्यम मार्ग म्हणून एखादी हलकी शाल घ्यावी, आणि तिच्या वजनाइतका दुसरा जिन्नस काढावा. लहान मुलाचें आवडतें खेळणें हलकें असेल तर तें जरूर घ्यावें. मूल शांत राहिलें तर आईबापांस पुढचा विचार सुचतो.

महाराष्ट्रांतील घरांना हा विषय परका नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटून पुण्यांत पूर आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. येथें पुराचें भय मोठें असल्यामुळें कागद व औषधें जलाभेद्य वेष्टनांत ठेवावीं, आणि पिशवी जमिनीवर न ठेवतां दाराशेजारीं खुंटीवर टांगावी.

शेवटची परीक्षा तराजूची नव्हे, पायांची आहे. पिशवी भरून ज्यानें ती न्यावयाची त्याच्याच पाठीवर द्यावी. त्यानें जिना दोनदां चढून उतरावा, आणि पाव तास रस्त्यानें चालून यावें. ज्यास धाप लागेल, त्याची पिशवी पुन्हां उघडावी. वर्षांतून दोनदां, निदान पावसाळ्यापूर्वीं एकदां, औषधांच्या तारखा पाहाव्या, पाणी बदलावें, आणि मुलांचे कपडे अजून अंगास होतात कीं नाहीं, हेंहि पाहावें. एवढ्या कामास एक रविवार पुरतो.