तार तुटत नाही, गाठ तुटते

‘जीआय तार आहे, गंजायची नाही. गाठ पक्की मारली की बघायला नको.’ पालघर-बोईसर पट्ट्यात कुंपणाचं काम घेणाऱ्यांकडून ही दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. दोन्ही अर्धीच खरी आहेत. घोलवड-डहाणूची चिकूची वाडी, वाणगावकडची मिरची किंवा मनोरच्या बाजूचा भाजीचा तुकडा राखायला पूर्वी शेराची नाहीतर करवंदीची वई घालत. वई दरवर्षी नीट करावी लागते, हे कुणी शिकवायला लागत नसे. तार आली आणि एकदा बांधली की विसरायची, अशी समजूतही तिच्यासोबत आली. मग पहिल्याच पावसाळ्यात गुरांनी रेटा दिला की तार सुटते, आणि दोष दुकानदाराच्या मालाला लागतो. तुटलेलं टोक हातात घेऊन नीट पाहिलं, तर बहुतेक वेळा तार गाठीपाशी गेलेली दिसते.

‘जाड तार म्हणजे मजबूत तार’

आधी गेजचा घोळ. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १२ गेज म्हणजे २.६४ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे २.०३, आणि ८ गेज म्हणजे ४.०६. ‘चौदा नंबरची द्या, बारापेक्षा भारी’ असं सांगून बारीक तार घरी नेणारे अजून भेटतात.

पण जाडी ही निम्मीच गोष्ट. दुसरी निम्मी पोलादाच्या जातीत असते. साध्या मऊ पोलादाची तार दर चौरस मिलिमीटरला साधारण ४०० न्यूटन ताण सोसते, हाय टेन्साइल तार १२०० न्यूटनच्या आसपास. हिशेब करून पाहा. ८ गेजची साधी तार सुमारे ५३० किलोला तुटेल, तर अडीच मिलिमीटरची हाय टेन्साइल तार ६०० किलोपर्यंत जाईल. बारीक तार जिंकली, आणि मीटरमागे तिचं वजनही निम्म्याहून कमी. १२ गेजच्या साध्या तारेचा आकडा २२० किलोच्या आसपास येतो, १४ गेजचा १३०. दुकानात जाडी विचारतात, जात कुणी विचारत नाही. ती विचारावी.

‘घट्ट मारली की गाठ तारेइतकीच पक्की’

हा सगळ्यांत रुजलेला गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू.

तार सरळ असते तेव्हा तिच्या सगळ्या भागावर ताण सारखा पडतो. वाकवली की बाहेरचं अंग ताणलं जातं आणि आतलं दाबलं जातं. तार तिच्याच जाडीच्या दुसऱ्या तारेभोवती गुंडाळली, तर बाहेरच्या अंगाचा धातू सुमारे ५० टक्के ताणला जातो. तीच अडीच मिलिमीटरची तार २५ मिलिमीटरच्या पाइपाभोवती वळवली, तर हा आकडा ९ टक्क्यांवर येतो. म्हणजे गाठीचं वळण जितकं आवळलेलं, तितका धातू आधीच थकलेला. त्यावर कुंपणाची ओढ पडली की तार तिथेच तुटणार.

मऊ तार हे बऱ्यापैकी सहन करते, कारण तिच्यात ताणायला वाव असतो. हाय टेन्साइल तार कारखान्यात साच्यातून ओढून ओढूनच कडक केलेली असते, तिच्यात हा वाव फार थोडा उरतो. अशा तारेत हाताने चांगली मारलेली गाठसुद्धा तारेच्या साधारण अर्धी ते दोन-तृतीयांश ताकद राखते. ६०० किलोची तार आणून ३००-४०० किलोचं कुंपण मिळतं, आणि वाईट गाठ मारली तर त्याहून कमी. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या मेंढीपालकांच्या मैलोन्‌मैल कुंपणात आठच्या आकड्यासारखी गाठ रुळली, त्यामागे हेच गणित आहे. त्या गाठीत वळणं मोठी राहतात आणि ओढ दोन-तीन जागी वाटली जाते.

आपल्याकडची सवय म्हणजे दोन टोकं शेजारी धरून पकडीने एकमेकींभोवती पीळ द्यायचा. दोन्ही तारा सारख्याच वळत गेल्या की ओढ पडताच हा पीळ उलगडू लागतो. त्यापेक्षा दोन फासे एकमेकांत अडकवावेत आणि प्रत्येकाचं टोक त्याच्याच तारेवर चार-पाच वेढे बसवून बांधावं. तार सरळ आणि वेढे तिच्यावर, हा नियम. ‘आठ-दहा वेढे मारले की दुप्पट मजबूत’ हीसुद्धा हौसच आहे. खुंटाभोवती दोर गुंडाळल्यावर घर्षण कसं वाढतं, त्याचा ढोबळ हिशेब इथे लावला तर एका वेढ्यात पकड तिपटीहून जास्त वाढते, तीन वेढ्यांत चाळीस पटींच्या पुढे. घसरण थांबली की पुढचे वेढे फक्त तार खातात, आणि फासा वळतो तिथली कमजोरी तशीच राहते.

आणि पक्कड! तिचे दात तारेवर जी खाच पाडतात, ती हाय टेन्साइल तारेला पिळापेक्षा महाग पडते. खाचेतूनच चीर सुरू होते. तारापूर एमआयडीसीतल्या विराज प्रोफाइल्ससारख्या कारखान्यांत स्टेनलेसच्या सळ्या आणि तारा बनतात. अशा मालाचा नमुना यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढतात. यंत्राच्या जबड्यापाशीच नमुना तुटला आणि आकडा कमी आला, तर चाचणी पुन्हा घेतात, कारण तो आकडा तारेचा नसून जबड्याने केलेल्या इजेचा असतो. शेतात आपण तीच इजा पकडीने स्वतः करतो आणि तिला मजबुती म्हणतो.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ह्यू फेसी यांनी १९८०च्या दशकात गाठीऐवजी तार आत सरकवून धरणारी छोटी पकड आणली, तिचं नाव ग्रिपल. तार वाकतच नाही, म्हणून जोड तारेच्या ताकदीच्या जवळपास टिकतो. प्रत्येक शेतकऱ्याने ती घ्यावी असं नाही. शंभर मीटरच्या वाडीला नीट मारलेली गाठ पुरते.

‘हाताने खेचून पाहिली, सुटली नाही’

उभ्या माणसाची ओढ तीस-चाळीस किलोची. तारेला लटकलात तर साठ-सत्तर. कुंपणाची एक तार १०० किलोवर ताणलेली असेल, त्यात बैलाने खांदा दिला की किती होतात ते सांगायला नको. हाताची परीक्षा फक्त एवढंच सांगते की गाठ आज सुटलेली नाही.

खरी चाचणी बांधावरही घेता येते. एक चेन पुली, एक लटकता इलेक्ट्रॉनिक काटा आणि एकमेकांपासून दोन-तीन मीटरवरचे दोन भक्कम आधार लागतात. नमुन्याची टोकं आधाराला गाठीने बांधू नका, नाहीतर परीक्षा त्याच गाठींची होईल. पन्नास-साठ मिलिमीटर जाडीच्या पाइपाला चार-पाच वेढे देऊन टोक अडकवा. आधी विनागाठीची तार ओढून तोडा आणि आकडा लिहून ठेवा. मग मधे गाठ असलेले निदान तीन नमुने तोडा. सरासरी काढून खूश होऊ नका, सर्वांत कमी आकडा धरा, कारण कुंपण सगळ्यांत कच्च्या गाठीलाच सुटतं. तार तुटली की सरकली, हेही पाहा. सरकली तर वेढे कमी पडले, फाशापाशी तुटली तर वळण फार आवळलं, आणि पकडीच्या खुणेवर तुटली तर कारण उघडच आहे.

तुटलेली तार साप उसळावा तशी परत येते. तिच्या रेषेत उभं राहायचं नाही, तारेवर ओलं गोणपाट टाकायचं, डोळ्यांवर चष्मा हवाच. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, अट म्हणून लिहितोय.

ताण किती आहे ते मोजायला यंत्रही लागत नाही. तार खांबांना बांधण्याआधी, ती खांबांवरून मोकळी सरकत असताना, तीन मीटरवरच्या दोन खांबांच्या मधोमध पाच लिटर पाण्याचा कॅन लटकवा. तार पावणेचार सेंटिमीटर खाली आली तर ताण साधारण १०० किलो, साडेसात आली तर पन्नास.

‘वाजेल इतकी ताणा’

पोलाद तापलं की वाढतं आणि गार झालं की आखडतं. शंभर मीटर तार ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३६ मिलिमीटर कमीजास्त होते. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर अडीच मिलिमीटरच्या तारेत हा फरक ३५ किलोंच्या आसपास ताण वाढवतो. मे महिन्याच्या दुपारी गाणं म्हणेपर्यंत ताणलेली साधी तार डिसेंबरच्या पहाटे गाठींची परीक्षा घेते. भर उन्हात काम असेल तर हात आखडताच बरा. शिवाय चार तारा प्रत्येकी १०० किलो म्हणजे कोपऱ्याच्या खांबाला ४०० किलोची ओढ. पावसाने माती भिजली की बिनटेक्याचा खांब आत झुकतो, सगळ्या तारा सैल पडतात, आणि आपण गाठी आवळत बसतो. कोपऱ्याला तिरपा टेका दिला नाही तर वरचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

‘जीआय गंजत नाही’

जीआय, म्हणजे जस्ताचा थर चढवलेली तार, गंजत नाही याचा अर्थ जस्त संपेपर्यंत लोखंड गंजत नाही. जस्त रोज झिजतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार खारट किंवा धुराच्या हवेत ते वर्षाला २ ते ४ मायक्रॉन जातं, फार वाईट हवेत ४ ते ८. आता थराचं वजन बघा. दर चौरस मीटरला ६० ग्रॅम जस्त म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन, २४० ग्रॅम म्हणजे ३४. वर्षाला ४ मायक्रॉनच्या हिशेबाने पहिली तार दोन वर्षांत उघडी पडते, दुसरी आठ वर्षं निघते. दोन्ही दुकानात सारख्याच चमकतात. सातपाटी, केळवे, चिंचणी, दांडी इथे समुद्राचं मीठ आहे. तारापूरकडे त्यात कारखान्यांची भर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण घेऊन देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं.

गाठीत हे आणखी लवकर घडतं. आवळलेल्या वळणावर जस्ताला चिरा जातात, कापलेलं टोक उघडंच असतं, आणि वेढ्यांच्या फटीत पाणी थांबतं. गाठ मारून झाल्यावर तिच्यावर जस्ताचा रंग लावला तर पैसे फुकट जात नाहीत. बांधकामाची काळी बाइंडिंग वायर खांबाला तार बांधायला वापरू नये, तिच्यावर जस्त नसतंच. एमआयडीसीत ओळख असली की स्टेनलेसच्या तारेने गाठी मारायचा मोह होतो. खाऱ्या दमटपणात ती टिकेल, पण तिला लागून असलेलं जीआयचं जस्त जास्त वेगाने खाल्लं जाईल. आणि ती वाकवताना कडक होते, एकदा वाकवून सरळ केलेली पुन्हा वाकवायची नाही.

‘झाड हाच खांब’

चिकूच्या बुंध्याला तार गुंडाळली की बुंधा वाढत जातो, तार सालीत रुतते आणि अन्नरस अडतो. खांब वाचतो, झाड जातं. बांधावर झाडाचा आधार घ्यायचाच असेल तर बुंध्याला लाकडाची पट्टी लावून तार पट्टीवर ठोकावी, आणि दर पावसाळ्यानंतर सैल करावी.